माउलींच्या दरबाराचे मानकरी : श्रीगुरु हैबतबाबा आरफळकर

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत महाद्वारासमोर उभे राहून ज्यांनी प्रस्थान पाहिले आहे, त्यांना वेगळे काही सांगायला नको. इंद्रायणीकाठी माणसांचा पूर आलेला असतो. टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो, आणि त्या गर्दीतून वाट काढत दोन घोडे देवळात शिरतात. एकावर हातात जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी. तो माउलींचा अश्व. सगळ्या वाटेत त्याच्या पाठीवर माणूस बसत नाही, कारण त्याच्यावर खुद्द माउली बसलेले आहेत, ही आपली श्रद्धा. रिंगणात तो दौडला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला म्हातारीकोतारी माणसेसुद्धा पोरांसारखी धावतात.

हे घोडे येतात कुठून? बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून, आणि तेही पायी. ही रीत घालून देणारा माणूस कोण? वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून आपण वारीला जातो, अंकली आपल्याला फार लांब. त्यामुळे पुष्कळांनी हैबतबाबांचे नाव ऐकलेले असते, चरित्र मात्र ठाऊक नसते. शंभर वर्षे दिंडी चालली त्या निमित्ताने, ज्यांनी दिंड्यांना शिस्त दिली आणि पालखीला लवाजमा दिला, त्या महापुरुषाची आठवण काढणे आपले कर्तव्यच आहे. शिवाय त्यांच्या चरित्रात आपल्या आजच्या एका प्रश्नाचे उत्तर आहे. संतांच्या पालखीने राजाकडून काय घ्यावे, कसे घ्यावे आणि काय देऊ नये, हा तो प्रश्न.

शिंदेशाहीतला सरदार

हैबतराव पवार हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावचे. घराणे लढवय्यांचे. त्या काळी मराठी मुलखातल्या कर्त्या पोराने नशीब काढायचे तर उत्तरेची वाट धरायची. हैबतराव ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी राहिले आणि सरदारकीला चढले. महादजी शिंद्यांच्या मागे दौलतराव शिंदे गादीवर आलेले होते. महादजी स्वतः विठ्ठलभक्त होते, अभंगरचना करीत. त्यामुळे शिंद्यांच्या दरबाराला भक्तीचा गंध होता. पण दरबार तो दरबारच. तिथे कोण कुठे बसायचे, कोणाच्या डोक्यावर अब्दागिरी धरायची, कोणापुढे चोपदाराने ललकारी द्यायची, नजराणा कोणी कोणाला करायचा, याचे सगळे नियम ठरलेले. हैबतरावांनी हे सगळे जवळून पाहिले. पुढे याच शिक्षणाचे त्यांनी सोने केले.

तो काळ मोठा वाईट होता. १८०३ साली इंग्रजांशी लढाई झाली, आणि ती आपल्याच दाराशी झाली. २९ नोव्हेंबरला अडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांचा मोड झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावला तह केला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांनी सुर्जी अंजनगावला केला. हे अंजनगाव म्हणजे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलेच, विड्याच्या पानांचे.

देवगावच्या तहाने आपल्या भागाचे काय झाले, बघा. वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा मुलूख त्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. आपला पूर्वेचा काठ नागपूरकरांकडे राहिला. म्हणजे आर्वी-आष्टीकडचा माणूस नदी ओलांडून कौंडिण्यपूरला रुक्मिणीमातेच्या माहेरी दर्शनाला निघाला, की तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाऊल टाकत होता. तरी दर्शन थांबले नाही. कौंडिण्यपूरची पालखी सदाराम महाराजांनी १५९४ साली सुरू केली असे आपण मानतो. तहाने नदीला सीमा केले. भक्तांना तिचा उतार ठाऊक होता.

अंजनगावच्या तहात एक कलम असे आहे की त्याचा धागा पुढे वारीशी जुळतो. इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या उत्तरेकडच्या मुलखात शिंद्यांच्या ज्या आप्तांच्या व मुत्सद्द्यांच्या जमिनी होत्या, त्या परत द्यायचे त्यात कबूल झाले. त्या नावांत बाळाबाई होत्या. बाळाबाई ही महादजी शिंद्यांची लेक, आणि ती दिली होती शितोळे देशमुखांच्या घरात. म्हणजे शितोळे हे शिंद्यांचे सोयरे आणि सरदार. हे नाते ध्यानात ठेवावे. शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतरावांना पुढे शितोळ्यांचा हातभार लाभला, त्यात नवल वाटायला नको. एका दरबारातली माणसे एकमेकांना ओळखून असतात.

सातपुड्यातली गुहा

हैबतरावांच्या आयुष्याला वळण मिळाले ते गावी परत येताना. परंपरा सांगते ते असे. सरदार हैबतराव आपली कमाई, सामानसुमान आणि सोबतची माणसे घेऊन ग्वाल्हेरहून आरफळला निघाले. वाटेत सातपुडा लागला. आपल्या मेळघाटापासून खानदेशापर्यंत पसरलेला हाच तो डोंगर. त्या काळात लढायांनी आणि पेंढाऱ्यांनी मुलूख उजाड केला होता, वाटा धोक्याच्या झाल्या होत्या. डोंगरात भिल्लांच्या टोळीने त्यांना गाठले. लूट घेतली, सगळ्यांना एका गुहेत कोंडले आणि तोंडावर धोंडा लोटून दिला.

आता तिथे तलवार काय कामाची? शिंद्यांचे नाव सांगून काय होणार? सरदारकी गुहेच्या बाहेर राहिली. आत राहिला तो लहानपणापासून पाठ असलेला हरिपाठ. हैबतरावांनी माउलींचे स्मरण केले आणि हरिपाठ सुरू केला. एकवीस दिवस अन्नपाण्याविना नामस्मरण चालले होते असे सांगतात. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाच्या घरी पुत्र जन्मला. आनंदाच्या भरात त्याला कोंडलेल्या माणसांची आठवण झाली. त्याने धोंडा बाजूला करवला, तर आत हरिपाठाचा आवाज चालूच. नायक चकित झाला. त्याने हात जोडले, लुटलेले सगळे परत केले आणि मानाने वाटेला लावले.

ही कथा ऐकताना आपण चमत्काराकडे बघतो. ते ठीकच. पण नायकाच्या बाजूनेही बघावे. ज्याला जगाने लुटारू म्हटले, त्याच्या घरात पाळणा हलला आणि त्याच्या मनात दया उपजली. हैबतबाबांच्या चरित्रातला पहिला उपकारकर्ता हा डोंगरातला माणूस आहे, कुणी राजा नव्हे. वारीत जातपात नसते असे आपण म्हणतो, त्याची सुरुवात बाबांच्या बाबतीत त्या गुहेच्या तोंडाशी झाली.

सुटका झाल्यावर हैबतराव थेट आळंदीला आले. माउलींनी जीव वाचवला, तेव्हा उरलेले आयुष्य माउलींचे, असा हिशोब त्यांनी मांडला. नोकरी सोडली, मानमरातब सोडला. रात्र रात्र समाधीपुढे उभे राहून भजन करायचे, एवढाच उद्योग ठेवला. हैबतरावांचे हैबतबाबा झाले.

पालखी त्या आधीची

इथे थोडे मागे जावे लागेल. पालखीची कल्पना हैबतबाबांची नव्हे. जगद्गुरु तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी काढायला सुरुवात केली. देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला येऊन माउलींच्या पादुका घ्यायच्या आणि एकाच पालखीतून दोन्ही पंढरीला न्यायच्या. संतांच्या पालखीचा आणि राज्याचा व्यवहारही तेव्हापासूनचा. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात नारायण महाराजांना देहू, येलवाडी आणि किन्हई ही गावे इनाम मिळाली. त्यातून देवाची पूजाअर्चा आणि वारीचा खर्च चालू लागला.

पण मंडळी, इनाम आले की हक्क आले, आणि हक्क आले की तंटे आले. हा जगाचा नियम आहे, त्यातून संतांची घराणीही सुटली नाहीत. नारायण महाराजांच्या मागे काही पिढ्यांनी वाटणीच्या आणि मानपानाच्या तक्रारी वाढल्या. शेवटी १८३०च्या सुमारास जाणत्यांनी विचार केला की दोन पालख्या वेगळ्या निघाव्यात. तुकोबांची देहूहून, माउलींची आळंदीहून. माउलींच्या सोहळ्याची जबाबदारी हैबतबाबांनी अंगावर घेतली.

बाबांनी इनामातून झालेले तंटे पाहिलेले होते. सरकारी सनद किती दिवस टिकते तेही पाहिलेले होते. १८१८ साली पेशवाई बुडाली होती. त्यांचे जुने धनी दौलतराव १८२७ मध्ये वारले होते. अशा वेळी सोहळा उभा करायचा तर कशाच्या बळावर?

राजाचा लवाजमा, माउलींच्या पायाशी

हैबतबाबांनी केले ते असे. दरबाराची जी चिन्हे असतात ती सगळी त्यांनी माउलींपुढे आणून उभी केली. हत्ती, घोडे, नगारा, जरीपटका, छत्र, अब्दागिरी, चोपदार. राजा स्वारीला निघाला म्हणजे जो थाट असतो तोच. फक्त मधल्या पालखीत राजाच्या जागी पादुका.

यात खुबी आहे. साधा फकीर राजाच्या दारी गेला तर राजा देतो ती भिक्षा असते. भिक्षा देणारा वर आणि घेणारा खाली. पण जिथे माउली स्वतःच राजे आहेत, तिथे घोडा आणणारा सरदार हा माउलींच्या दरबारातला मानकरी होतो. तो देतो ती सेवा. त्याला बदल्यात मिळतो तो मान, आणि मान म्हणजे काय, तर दरवर्षी ती सेवा पुन्हा करण्याचा हक्क. घोडा पाठवणाऱ्याला पालखीवर हुकूम चालवता येत नाही. उलट त्याचा घोडाच पालखीपुढे चालतो. दरबारात वाढलेल्या माणसालाच हे सुचू शकते.

अंकलीच्या शितोळे सरकारांनी ही सेवा उचलली. त्यांचे घोडे आले, मुक्कामाला माउलींसाठी त्यांचा तंबू आला, नैवेद्याचा मान त्यांच्याकडे आला. हे आजतागायत चालू आहे. आणि घोड्याची पाठ रिकामी ठेवण्याची रीत बघा, त्यात सगळा करार आला. सरदाराने घोडा द्यायचा, पण त्यावर सरदाराने बसायचे नाही. कुणीच बसायचे नाही.

नुसत्या सरदारांवर मात्र बाबांनी भिस्त ठेवली नाही. दुसरे बळ दिंड्यांचे होते. वासकर, खंडोजीबाबा आदी फडकरी मंडळी आपापल्या दिंड्या घेऊन बाबांच्या पाठीशी उभी राहिली असे परंपरा सांगते. घोडा नसता तरी सोहळा चालला असता, टाळकरी नसते तर चालला नसता. रथापुढे कोणती दिंडी, रथामागे कोणती, भजन कोणत्या क्रमाने म्हणायचे, मुक्कामाला काय करायचे, हे सगळे ठरले. आजही रथापुढे सत्तावीस दिंड्या चालतात आणि बाकीच्या मागे, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. पुढच्याने मागे व्हायचे नाही, मागच्याने पुढे घुसायचे नाही. लाखो माणसे चालतात, पोलीस नसले तरी दिंडी आपल्या जागेवर असते.

आणि समाजआरती! मुक्कामाला पालखी आली की सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात. टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप वर करतो आणि क्षणात सगळे चिडीचूप. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो, तक्रार ऐकून घेतो, निवाडा होतो, हरवले-सापडले पुकारले जाते, आणि मगच आरती. कुठल्या राजाच्या दरबारात गरिबाला अशी दाद मागता येत होती? इथे हातात टाळ असला की पुरे. चोपदार हा दरबारातला नोकर, पण माउलींच्या दरबारात तो दिंडीची फिर्याद ऐकायला स्वतः चालत येतो.

तीन राज्यांतून एक वाट

माउलींच्या पालखीची वाट त्या काळच्या नकाशावर ठेवून पाहावी. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे हा मुलूख कंपनी सरकारच्या पुणे जिल्ह्यातला. नीरा नदीत पादुकांना स्नान घातले आणि पलीकडे पाऊल टाकले की लोणंदला साताऱ्याच्या छत्रपतींचे राज्य. चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण करून तरडगाव, फलटण, बरड केले तर ते फलटणच्या निंबाळकरांचे संस्थान. पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर करीत वाखरी आणि पंढरी. पंधरा-वीस दिवसांच्या वाटेत तीन अंमल.

कंपनी सरकारला माणसांचा जमाव आवडत नसे. नुकतेच राज्य घेतलेले, त्यातून हत्ती-घोडे, नगारे, निशाणे घेऊन हजारो माणसे चाललेली, आणि पुढारी कोण तर शिंद्यांचा जुना सरदार! शंका घ्यायला जागा होती. पण पालखीत कोणाची तलवार नव्हती, पागोट्यात कोणाचा खलिता नव्हता. ज्येष्ठात निघायचे, आषाढी करायची, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की माघारी फिरायचे. दरवर्षी तीच वाट, तीच तिथी, तेच मुक्काम. लपवण्यासारखे काहीच नसल्यामुळे तिन्ही राज्यांनी वाट दिली. कोणाच्याही बाजूला न जाण्यात पालखीचे बळ होते.

१८३६ साली हैबतबाबांनी आळंदीत देह ठेवला. त्यांची समाधी कुठे आहे ठाऊक आहे ना? महाद्वारात, पहिल्या पायरीशी. सरदार माणूस, सोहळ्याचा संस्थापक, त्याला आत मंडपात जागा मिळाली नसती काय? पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्याला मान वाटले, त्याने स्वतःसाठी दाराची पायरी घेतली. माउलींना भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ तिथे पडते. कार्तिकी वद्य पक्षात माउलींच्या समाधी सोहळ्याची सुरुवात होते तीही हैबतबाबांच्या पायरीच्या पूजेने. पायरीची पूजा आधी, मग सोहळा.

राज्ये गेली, घोडे येतच राहिले

आता त्यानंतर काय काय झाले ते मोजा. १८४३ मध्ये महाराजपूरच्या लढाईत शिंद्यांचे लष्कर मोडले. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८५४ मध्ये आपले नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे १८६२ मध्ये इंग्रजांनी वर्धा जिल्हा वेगळा केला. १८५८ मध्ये कंपनीच गेली आणि राणीचा अंमल आला. १९४७ मध्ये तोही संपला. १९४८ मध्ये फलटण, ग्वाल्हेर अशी संस्थाने विलीन झाली. ज्या दरबारात हैबतरावांनी रीतभात शिकली तो दरबार राहिला नाही. रीतभात मात्र आळंदीच्या वाटेवर जिवंत राहिली.

बाबांच्या मागे आळंदी देवस्थानच्या कारभारासाठी १८५२ साली पंच नेमले गेले. तेव्हापासून देवस्थानचा कारभार पंचांकडे आणि पालखी सोहळ्याची मालकी आरफळकर वंशजांकडे अशी व्यवस्था चालत आली. प्रस्थानाच्या दिवशी आरती होते तीही आधी हैबतबाबांच्या वतीने आणि मग संस्थानच्या वतीने. सरकारने पंच नेमले म्हणून बाबांची आरती मागे पडली नाही.

१९५६ साली भाषावार राज्यरचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. अंकली तिकडे गेली. सीमेवरून किती वाद झाले, आंदोलने झाली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण ज्येष्ठ महिना आला की अंकलीच्या वाड्यातून घोडे निघतात आणि सीमा ओलांडून पायी चालत आळंदीला येतात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माउलींचे घोडे येतात, आणि दोन्हीकडची माणसे त्यांना ओवाळतात. दोन सरकारांमध्ये वकिलाती लागतात, पत्रव्यवहार लागतो, बैठका लागतात. इथे एक घोडा पुरतो.

२०२० साली तर मोठी परीक्षा आली. करोनाच्या साथीमुळे सरकारने पायी वारीला मनाई केली. पुष्कळांचा जीव तळमळला. अनेक वर्षे न चुकलेली वारी चुकणार म्हणून म्हातारी माणसे रडली. पण सोहळ्याने सरकारशी भांडण मांडले नाही आणि वारीही मोडली नाही. मोजक्या माणसांसह माउलींच्या पादुका एसटीत बसून ३० जूनला पंढरीला गेल्या. कुणाच्या मनात खट्टू वाटले असेल, वाटणारच. पण हैबतबाबांनी तीन राज्यांतून पालखी नेली ती अशाच शहाणपणाने नेली होती. लोकांचा जीव वाचवणारा राजाचा शब्द मानावा. भजन बंद पडू देऊ नये.

आपण काय घ्यावे

म्हणूनच सुरुवातीला जो प्रश्न म्हटला त्याकडे येऊ. २०२४ साली राज्य सरकारने पंढरीला जाणाऱ्या दिंडीमागे वीस हजार रुपये अनुदान जाहीर केले. तेव्हा गावोगावच्या दिंड्यांत बोलणे झाले. काही म्हणाले घ्यावेत, पाण्याचा टँकर, ताडपत्री, औषधे यांचा खर्च वाढला आहे. काही म्हणाले वारी आपल्या भाकरीवर करायची असते, सरकारच्या पैशावर नव्हे. दोघांचेही म्हणणे भक्तीचेच होते, म्हणून कोणी कोणाला कमी लेखू नये.

हैबतबाबांनी राजाकडून घेतले का? घेतले. हत्ती घेतले, घोडे घेतले, तंबू घेतला. तेव्हा घेण्यातच पाप आहे असे नाही. पण त्यांनी घेतले त्याला तीन वेसणी होत्या. पहिली, जे घेतले ते माउलींसाठी घेतले, आपल्या घरी नेले नाही. दुसरी, देणाऱ्याला पालखीच्या पुढे किंवा मागे मानाची जागा दिली, पालखीत दिली नाही. तिसरी, देणारा उद्या थांबला तरी सोहळा थांबणार नाही अशी दिंड्यांची मांडणी करून ठेवली. ज्या दिंडीला या तिन्ही वेसणी सांभाळता येतील तिने खुशाल घ्यावे. ज्या दिंडीत पैसा आला की विणेकऱ्याच्या आधी पुढाऱ्याचा फोटो येऊ लागेल, तिने चार घरची भाकरी गोळा करून चालावे, त्यात जास्त गोडी आहे.

आषाढीच्या पहाटे राज्याचा मुख्यमंत्री पंढरपुरात विठ्ठलाची पूजा करायला येतो. त्याच्या शेजारी पूजेला कोण बसते? दर्शनाच्या रांगेतले एक वारकरी जोडपे. रात्रभर उभे राहून पाय सुजलेले, कुठल्यातरी खेड्यातले शेतकरी नवरा-बायको. हा मान त्यांना खुर्चीने दिलेला नाही, रांगेने दिला आहे. हैबतबाबा असते तर त्यांना ही रीत ओळखीची वाटली असती. राजा आणि रयत दोघेही माउलींपुढे चाकर, आणि त्यातही आधी चालून आलेल्याचा मान मोठा.

आपली दिंडी शंभर वर्षे चालली. या शंभर वर्षांत कापसाला भाव मिळाला तसा पडलाही, दुष्काळ आले, वर्धा नदीला पूर आले, सरकारे आली आणि गेली. वीणा खाली ठेवली गेली नाही. सेलू, आर्वी, देवळी, हिंगणघाटकडच्या ज्या मायबापांनी पेरणी उरकून, लेकरे शेजाऱ्यावर सोपवून पंढरीची वाट धरली, त्यांच्या पायांवर ही शंभर वर्षे उभी आहेत. घोराडच्या केजाजी महाराजांची ही भूमी, तिला वारी नवी नाही.

पुढच्या वेळी आळंदीला जाल तेव्हा महाद्वारात जरा थांबा. मागून रेटा येईल, तरी थांबा. पहिल्या पायरीवर पाय पडण्याआधी हात लावा आणि तो कपाळाला लावा. ग्वाल्हेरच्या दरबारातून निघालेला, सातपुड्याच्या गुहेत सगळे गमावलेला आणि माउलींच्या दारात सगळे मिळवलेला एक सरदार तिथे विसावला आहे. आपल्या दिंडीचा नंबर, आपल्या विणेकऱ्याची जागा, आपल्या टाळाचा अधिकार त्याने राखून ठेवला आहे. तो आपण राखावा, एवढेच त्याचे मागणे.

रामकृष्णहरी!